ओली फांदी आणि मुलांचं हाड

वाळकी काटकी वाकवली की कट्कन तुटते. ओली फांदी एका बाजूनं चिरते आणि दुसऱ्या बाजूनं सालीला धरून वाकते. पळता पळता हातावर पडलेल्या सात वर्षांच्या पोराचं हाड बरेचदा असंच मोडतं. मुलांच्या हाडावरचं आवरण जाड आणि चिवट असतं, ते तुकड्यांना सहसा सुटू देत नाही. म्हणूनच या प्रकाराला ‘ग्रीनस्टिक फ्रॅक्चर’ म्हणतात. त्याहून सौम्य ते ‘बकल’: मनगटाजवळ हाड दाबलं जाऊन त्याला फक्त फुगवटा येतो. ब्रिटनमध्ये ९६५ मुलांवर झालेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात बकलला साधं बँडेज दिलेली मुलं आणि हात पक्का बांधलेली मुलं, दोघांचं दुखणं तिसऱ्या दिवशी सारखंच होतं.

प्लास्टरनंतरच्या एक्स-रेत हाड जरा वाकडंच दिसलं की आईवडील हबकतात. पण मनगटाजवळ ते चालतं. हाड लांबीला वाढतं ते टोकाजवळच्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, चकतीतून, आणि कोपर ते मनगट जाणाऱ्या मुख्य हाडाची सुमारे तीन-चतुर्थांश वाढ मनगटाकडच्याच टोकाला होते. लहान वयात असा बाक वर्षा-दोन वर्षांत भरून निघतो. हाडाला पडलेला पीळ मात्र असा सुटत नाही.

कोपराचं गणित उलटं. दंडाच्या हाडाची कोपराकडून होणारी वाढ जेमतेम पाचवा हिस्सा, त्यामुळे तिथला वाकडेपणा बहुधा तसाच राहतो. झोपाळ्यावरून किंवा झाडावरून पडल्यावर कोपराच्या जरा वर हाड मोडतं, ते ‘सुप्राकॉन्डायलर’. तुकडे सरकले असतील तर भूल देऊन, एक्स-रेच्या पडद्यावर बघत हाड बसवतात आणि कातडीतूनच बारीक तारा घालतात. तीन-चार आठवड्यांनी त्या काढतात.

इथे मला कळकळीनं सांगायचंय. मोडलेल्या जागेसमोरूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. बोटं थंड किंवा पांढरी पडली, मुंग्या आल्या, बोटं सरळ करताना मूल किंचाळलं, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा. अशा सुजलेल्या हातावर कुणी घट्ट पट्ट्या आवळल्या तर काही तासांत स्नायू मरू लागतात आणि बोटं कायमची आखडतात. जर्मन शल्यचिकित्सक रिखार्ड फोन फोल्कमान यांनी हे १८८१ सालीच लिहून ठेवलंय.

गळपट्टीचं हाड मोडलं तर बहुतेकदा झोळी पुरते. वाढीच्या चकतीला मार लागला असेल तर मात्र सावध राहावं लागतं. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून दुखणं थांबल्यावरही डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात. ती फेरी चुकवू नका.

प्लास्टर निघाल्यावर कोपर ताठलेलं असतं आणि घरात तेलाची वाटी पुढे येते. चोळू नका, ओढून सरळ करू नका. त्यानं स्नायूतच हाड तयार होण्याची भीती असते. मुलाला ताट वाढू द्या, चेंडू झेलू द्या. काही महिन्यांत कोपर आपसूक मोकळं होतं.