झडप बदलली, दुखणं बदललं

हृदयातून शरीरभर रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या तीन पाकळ्या दिवसाला लाखभर वेळा उघडमिट करतात. उतारवयात त्यांवर कॅल्शियम साचून त्या दगडासारख्या कडक होतात. जन्मतः दोनच पाकळ्या असतील, तर हे आणखी लवकर घडतं. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या रूमॅटिक तापाने तर पाकळ्या एकमेकींना चिकटतात. वाट अरुंद झाली की हृदयाचा डावा कप्पा जोर लावून लावून जाड होतो आणि वर्षानुवर्षं कुरकुरही करत नाही. हृदयतज्ज्ञ रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी १९६८ मध्ये मांडलेला, झडप न बदलल्यास उरणाऱ्या आयुष्याचा हिशोब असा: छातीत दुखू लागल्यावर सरासरी ५ वर्षं, भोवळ येऊन पडू लागल्यावर ३, हृदय थकून दम लागू लागल्यावर २. म्हणून ‘वय झालं, जिना चढताना दम लागणारच’ हे घरोघरचं वाक्य ऐकलं की धस्स होतं.

१९५२ मध्ये वॉशिंग्टनला चार्ल्स हफनागेल यांनी गळक्या झडपेच्या रुग्णाला प्लॅस्टिकच्या नळीत चेंडू असलेली झडप बसवली, तीही मूळ जागी नव्हे, खाली उतरणाऱ्या महाधमनीत. चेंडूची टकटक शेजारच्यालाही ऐकू यायची. मूळ जागी झडप बसली ती १९६० मध्ये, बोस्टनच्या ड्वाइट हार्कन यांच्या हातून.

पण अशा यांत्रिक, म्हणजे धातू-प्लॅस्टिकसारख्या पदार्थांच्या झडपेवर रक्ताच्या गुठळ्या धरतात. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभराची झाली. डोस कमी पडला तर गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात, जास्त झाला तर रक्तस्राव. रोजच्या जेवणात अचानक मेथी-पालक वाढला तरी गोळीचा असर घटतो, त्यामुळे रक्ततपासणी सुटत नाही. डुक्कर-गायीच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला ही गोळी सहसा जन्मभर लागत नाही. पण ती बहुधा १०-१५ वर्षांत झिजते, तरुणांत त्याआधीच. आपल्याकडे रूमॅटिकचे रुग्ण तरुण, आणि टिकाऊ यांत्रिक झडप तेव्हा परदेशी, महागडी होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वल्यथन यांच्या चमूचे आधीचे नमुने फसले, पण त्यांनी हात टेकले नाहीत. डिसेंबर १९९० मध्ये देशी चित्रा झडप पहिल्या रुग्णाला बसली.

छाती न उघडता झडप बसवण्याची वाट फ्रान्समधल्या रूआँच्या अलाँ क्रिबिए यांनी काढली. १९८५ मध्ये त्यांनी फुग्याने झडप रुंदावली, पण ती काही महिन्यांत पुन्हा आकसायची. मग १६ एप्रिल २००२ रोजी, शस्त्रक्रिया झेपणारच नाही अशा ५७ वर्षांच्या रुग्णाला त्यांनी मांडीतल्या रक्तवाहिनीतून झडप पोचवली. हीच ‘टावी’. यात जुनी झडप काढत नाहीत, नवी तिला रेटून बसते. हृदयाचे ठोके चालवणारी विजेची वाट अगदी लगत असते. ती दबली की टावीनंतर पेसमेकरही बसवावा लागतो.