मेक्सिकन अंत्यविधी: दफन की दहन, हा प्रश्न आला कुठून

मेक्सिकोत कुणी गेलं की घरच्यांना आधी ठरवावं लागतं ते पुरायचं की दहन करायचं, आणि वेळ फार नसतो, कायद्याने साधारण १२ ते ४८ तासांत उरकावं लागतं. त्यातच वेलोरिओ म्हणजे रात्रभराचं जागरण, आलेल्यांना कॉफी, तमालेस (मक्याच्या पिठाचे वाफवलेले पदार्थ), गोड पाव, आणि मग देहासमोर मिस्सा म्हणजे चर्चचा प्रार्थनाविधी, हे सगळं बसवायचं.

स्पॅनिश यायच्या आधी तिथे दहनही होतं आणि दफनही. नंतरची तीनेक शतकं माणूस चर्चच्या फरशीखाली नाहीतर चर्चच्या आवारात पुरला जायचा, तोही धर्मगुरूच्या मर्जीने. खरी उलथापालथ १८५९ ची. चर्चचे अधिकार कमी करणाऱ्या १८५७ च्या संविधानाची शपथ घेणाऱ्यांना चर्च अंत्यसंस्कार नाकारत होतं, यादवी चालू होती, आणि ३१ जुलै १८५९ ला व्हेराक्रूझमधल्या उदारमतवादी सरकारने दफनभूम्या पाद्र्यांच्या हातून काढून घेतल्या, चर्चच्या आत पुरायची बंदी पुन्हा लागू केली. कुणी याला आजही धर्मावरचा घाला म्हणतं. मला ते पटत नाही, कारण मेलेल्या माणसाला जागा नाकारायची ताकद कुणाच्याच हातात नको.

पण सरकारी जागा म्हणजे फुकट किंवा कायमची जागा असं काही झालं नाही. ग्वानाहुआतो शहरात कबरीचा कर थकला की प्रेतं उकरून काढत, तिथल्या प्रसिद्ध ममी त्यातूनच आल्या, पहिली १८६५ ला. मेक्सिको सिटीच्या सार्वजनिक दफनभूमीतही खड्डा ठरावीक वर्षांसाठीच मिळतो, मग मुदत वाढवा नाहीतर अस्थी काढा. शहरात लोक दहनाकडे वळले त्यात याचा मोठा हात आहे असं मला वाटतं.

रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्यालयाने, कॅथलिकांना दहनाची मोकळीक १९६३ ला दिली, आणि मग बऱ्याच चर्चमध्ये राखेसाठी कोनाडे झाले, ते विकतही मिळतात. म्हणजे १८५९ ला ज्या चर्चमधून देह बाहेर काढला तिथेच तो राख होऊन परतला! पुढे २०१६ ला रोमने बजावलं की राख घरी ठेवायची नाही, वाटून घ्यायची नाही, समुद्रात किंवा हवेत सोडायची नाही. यावरून घराघरात वाद होतात, आई म्हणते कलश कपाटावरच राहू दे आणि थोरली मावशी म्हणते चर्चमध्येच ठेवा. नियमामागचं कारण मला कळतं, पण ज्यांना कोनाडा परवडत नाही त्यांनी काय करायचं?

दफन असो वा दहन, नोव्हेनारिओ सुटत नाही. म्हणजे नऊ दिवस संध्याकाळी रोझरी, जपमाळेवरची प्रार्थना. बऱ्याच ठिकाणी पेटी ठेवली होती तिथे जमिनीवर चुन्याचा क्रूस काढतात, कडेला मेणबत्त्या, नवव्या दिवशी मानलेले धर्ममातापिता तो चुना भाग भाग करून फुलांनी किंवा ब्रशने गोळा करतात आणि मग कबरीवर नेतात.

२०२० मध्ये कोविडमुळे जागरणावर बंधनं आली, कित्येकांना थेट कलशच हातात मिळाला, आणि नऊ दिवसांची रोझरी फोनवरून म्हणावी लागली. अमेरिकेत वारलेल्या मेक्सिकन माणसांचंही तसंच, गावी पेटी न्यायची तर कागदपत्रं आणि खर्च खूप, राख नेणं त्यामानाने सोपं, म्हणून एरवी दफनच हवं म्हणणारी घरंही शेवटी दहनाला तयार होतात.