'पाऊस' लवकर कळतो, 'पर्जन्य' जरा उशिरा

पडद्यावर अक्षरं उमटतात. खरा शब्द असेल तर उजवं बटण दाबायचं, नसेल तर डावं. कधी 'पाऊस' येतो, कधी 'पर्जन्य', तर मध्येच 'तोमळ' असा बनावट शब्द. उत्तराला साधारण अर्धा ते पाऊण सेकंद लागतो आणि संगणक तो मिलिसेकंदांत टिपून ठेवतो. जे शब्द भाषेत वरचेवर येतात ते लवकर ओळखले जातात. मानसभाषाविज्ञानात इतका पक्का निष्कर्ष क्वचितच सापडेल.

यावर कोणीही शंका काढेल: 'पर्जन्य' लांब आहे, त्यात दोन जोडाक्षरं आहेत, उशीर त्यामुळेच होत असेल. शंका रास्त आहे. म्हणून प्रयोगात लांबी आणि जोडाक्षरं सारखी असलेले शब्द निवडतात आणि फरक फक्त वारंवारतेत ठेवतात. पण कोणता शब्द किती वेळा येतो, हे ठरवायचं कसं? अंदाज फसवे असतात. त्यासाठी कॉर्पस लागतो, म्हणजे भाषेचा नमुना म्हणून गोळा केलेला, संगणकाला मोजता येईल असा मजकूर. वाचणाऱ्याने आयुष्यभर जे ऐकलं-वाचलं, त्याच्या जागी आपण हा मजकूर उभा करतो. हा बदली खेळाडू जितका कच्चा, तितका निष्कर्षही कच्चा.

इंग्रजीचा प्रसिद्ध ब्राउन कॉर्पस घ्या. अमेरिकेत १९६१ साली छापलेल्या मजकुरातून सुमारे २००० शब्दांचा एक, असे ५०० उतारे घेऊन तो बांधला. एकूण १० लाख शब्द. हेन्री कुचेरा आणि नेल्सन फ्रान्सिस यांनी १९६७ मध्ये त्याची वारंवारता-यादी छापली आणि पुढे कित्येक दशकं प्रयोगांमध्ये तीच वापरात राहिली. पण दर १० लाखांत सरासरी एकदाच येणारा शब्द अशा संग्रहात अजिबात न सापडण्याची शक्यता ३७ टक्के असते, आणि दोन किंवा अधिक वेळा सापडण्याची २६ टक्के. दुर्मीळ शब्दांचे आकडे म्हणजे जवळजवळ नाणेफेकच. दुसरी अडचण मजकुराच्या जातीची. छापील गद्यात लोक बोलतात तसं बोलत नाहीत. मार्क ब्रिसबार्ट आणि बोरिस न्यू यांनी २००९ मध्ये चित्रपट-मालिकांच्या ८३८८ उपशीर्षक-फायलींमधून ५.१ कोटी शब्द मोजले. बटण दाबायला लागणारा वेळ या आकड्यांवरून जुन्या यादीपेक्षा कितीतरी नेमका सांगता आला.

मोजणी सोपी वाटते, पण मराठीत ती पहिल्याच पायरीवर अडखळते. 'साऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो: ऱ वापरून, किंवा साध्या र ला हलंत देऊन त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणक मात्र ते दोन वेगळे शब्द म्हणून मोजतो आणि वारंवारता दोघांत वाटली जाते. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवूनही ही जोडी एक होत नाही, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. मोजणीआधी हे करायचं, नंतर नाही. मग 'घर', 'घरात', 'घरापासून' हे एक की तीन? दोन्ही याद्या ठेवाव्यात, कारण वाचताना मेंदू प्रत्यय सोडवून घेतो की अख्खं रूपच ओळखतो, हाच अनेकदा प्रश्न असतो. 'कर' तर आणखी चकवतो: सरकारला भरायचा तोही कर आणि 'काम कर' मधलाही कर. व्याकरणाच्या खुणा जोडल्याशिवाय ते वेगळे होत नाहीत. एकच बातमी दहा ठिकाणी छापून आली असेल तर नऊ प्रती काढून टाकायच्या. शिवाय एकाच पुस्तकात ३० वेळा आलेला शब्द आणि ३० पुस्तकांत एकेकदा आलेला शब्द सारखे मानायचे नाहीत. किती वेगवेगळ्या मजकुरांत शब्द आला, हा आकडा नुसत्या मोजणीपेक्षा वेळेचा अंदाज चांगला देतो.

शेवटी दर १० लाखांमागे किती हे काढून त्याचा लॉगरिदम घ्यायचा. वारंवारता १ वरून १० झाली की जितका वेळ वाचतो, साधारण तितकाच १० वरून १०० झाल्यावर वाचतो. शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून मूळ मोजणीत आधी १ मिळवतात.

पण सुटे शब्द कोण वाचतं? वाक्य वाचताना डोळा एकेका जागी सुमारे २०० ते २५० मिलिसेकंद थांबतो आणि उडी मारतो. तो किती थांबेल, हे पुढचा शब्द किती अपेक्षित होता यावरही ठरतं. समजा, संग्रहात 'उघडून आत' ही जोडी ६४ वेळा आली. त्यातल्या ३२ वेळा पुढे 'आला' आहे: शक्यता अर्धी, म्हणजे अनपेक्षितपणा १ बिट; शक्यता निम्मी होत गेली की दर वेळी एक बिट वाढतो. 'डोकावला' एकदाच आहे: चौसष्टात एक, म्हणजे ६ बिट. वाचनाचा वेळ या बिटांच्या प्रमाणात वाढतो, असं डंडी कॉर्पसवर तपासलं गेलं आहे. त्यात १० वाचकांनी वृत्तपत्रातले सुमारे ५० हजार शब्द वाचले आणि त्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपली गेली. विश्लेषणात नवखे नेहमी एक चूक करतात: अवघड शब्दाचा उशीर पुष्कळदा त्याच्या पुढच्या शब्दावर उतरतो. मागच्या शब्दाचे बिट गणितात धरले नाहीत, तर तो उशीर भलत्याच शब्दाच्या नावावर जमा होतो.

आता हे बिट मोठ्या भाषा-मॉडेलांकडून काढतात. त्यात एक गंमत उघडकीला आली. ठरावीक आकारापलीकडे मॉडेल मोठं होत गेलं, की पुढच्या शब्दाचा त्याचा अंदाज सुधारतो, पण माणसाच्या वाचनवेळेशी मेळ मात्र बिघडत जातो. विशेषनामांवर हे फार ठळक दिसतं: मॉडेलला पुढचं नाव आधीच ठाऊक असल्यासारखं असतं, आणि वाचकाचा डोळा मात्र तिथे थबकतो.