लघुतम मार्गाचे जीपीयूवरील गणन

ग्राफमधील, म्हणजे बिंदू व त्यांना जोडणाऱ्या कडांच्या जाळ्यातील, एका नोडपासून इतर नोडपर्यंतची सर्वांत कमी भाराची वाट ग्राफिक्स प्रोसेसरच्या (जीपीयू) हजारो थ्रेडकडून, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यांकडून, एकाच वेळी शोधून घेण्याची पद्धत. सोलापूरच्या नकाशात चौक हे नोड, रस्ते या कडा आणि लागणारी मिनिटे हा भार.

डायक्स्ट्राची १९५९ मधील रीत दर वेळी सर्वांत जवळचा एकच नोड पक्का करते. काम चोख, पण एकामागून एक. जीपीयूला ते मानवत नाही. बेलमन-फोर्ड रीतीत सगळ्या कडा एकदम तपासता येतात, मात्र बरेच श्रम वाया जातात. मेयर व सँडर्स यांची डेल्टा-स्टेपिंग या दोहोंमधली: ठरावीक अंतराच्या टप्प्यातले नोड एका टोपलीत घालायचे आणि ती सगळ्यांनी मिळून उपसायची. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतील हरीश व नारायणन यांनी २००७ मध्ये कूडा ही जीपीयूवर गणन करण्याची एनव्हीडियाची प्रणाली वापरून १ कोटी नोडच्या ग्राफवरील लघुतम मार्ग १.५ सेकंदात काढले.

समजा, स्टेशनवरून निघालेला एक थ्रेड सात रस्त्याला १० मिनिटांत पोचला, दुसरा १२. दोघे एकदम आकडा लिहायला गेले आणि १२ मागाहून पडला, तर चांगली वाट पुसली जाते. म्हणून 'आधीच्यापेक्षा कमी असेल तरच लिही' ही तुलना आणि लेखन एकाच अखंड क्रियेत उरकतात. तिला ॲटॉमिक मिन म्हणतात.

एनव्हीडियाच्या जीपीयूत ३२ थ्रेडच्या गटाला वार्प म्हणतात. शब्द मागावरचा, चादरी-टॉवेलांच्या सोलापुरात त्यालाच ताणा म्हणायचे. ताण्यातला एक धागा तुटला की माग थांबवून तो सांधावा लागतो. वार्पमध्येही एका थ्रेडच्या वाट्याला हजार कडांचा नोड आला की उरलेले ३१ खोळंबतात. समाजमाध्यमांच्या ग्राफमध्ये हे नेहमीचे. रस्त्यांची अडचण उलटी. चौकाला कडा तीन-चार, सात रस्ता नावाला जागला तरी सातच. शोध जिथवर पोचला त्या आघाडीवर एका वेळी मोजके नोड असतात आणि बाकीचे थ्रेड बसून राहतात. शहरातली एकच वाट हवी असेल तर साधा सीपीयूच बरा.

जीपीयूचे चीज होते ते सर्व जोड्यांची अंतरे काढताना. फ्लॉइड-वॉर्शल रीतीत नोडसंख्येच्या घनाइतक्या तुलना होतात: सिद्धेश्वर यात्रेतील ६८ लिंगांसाठी ३,१४,४३२, लॅपटॉपलाही किरकोळ; १०,००० चौकांसाठी मात्र एक लाख कोटी. तेव्हा अंतरांच्या तक्त्याचे चौकोनी तुकडे पाडून ते चिपवरच्या जलद मेमरीत आळीपाळीने आणतात. यात्रेत या लिंगांना जाणाऱ्या नंदीध्वजांची वाट परंपरेने ठरलेली. तिला या तक्त्याची गरज नाही.