कृपादान आणि फळ : ठिबकची नळी आणि केळीचा घड

रावेर-यावल पट्ट्यातल्या मळ्यात ठिबकच्या नळ्या एका दुपारीही अंथरून होतात. घडासाठी मात्र, रोप टिश्यूकल्चरचे असले तरी, अकरा-बारा महिने थांबावे लागते. ख्रिस्ती श्रद्धेतली पवित्र आत्म्याची कृपादाने (सेवेसाठी मिळालेल्या देणग्या) आणि आत्म्याचे फळ (माणसात वाढत जाणारे गुण) यांतला फरक मला याहून सोपा करून सांगता येत नाही. दोन्ही एकाच आत्म्याकडून येतात, दोन्हींच्या प्रसिद्ध याद्यांत नऊ-नऊ नावे आहेत, आणि म्हणूनच प्रार्थनासभांत त्यांची सर्रास गल्लत होते.

आरोग्य देणे, संदेश देणे, अन्य भाषा बोलणे ही कृपादाने बायबलमध्ये, प्रेषित पौलाने करिंथकरांस, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायात येतात. आत्मा ती आपल्या इच्छेप्रमाणे, सर्वांच्या हितासाठी वाटून देतो. एकाला मिळालेले दुसऱ्याला मिळेलच असे नाही.

फळाचे तसे नाही. गलतीकरांस पत्रात (५:२२-२३) प्रीती, आनंद, शांती इथपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गुण आहेत, पण मूळ ग्रीकमध्ये ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे, आणि त्याच्या थोडे आधी देहाची ‘कर्मे’ मात्र अनेकवचनी आहेत. त्यामुळे ती यादी मला एकाच दांड्यावरच्या नऊ फण्यांसारखी वाटते. केळ निसवते, म्हणजे घड बाहेर पडतो, तेव्हा कोवळ्या केळ्यांच्या कडा कोनेदार असतात. पुढे तीन-चार महिने त्या हळूहळू भरून गोलावतात, आणि रोज बागेत जाणाऱ्यालाही आज नेमके काय बदलले ते सांगता येत नाही. सहनशीलता माणसात येते ती अशीच.

करिंथची मंडळी कोणत्याही कृपादानात उणी नव्हती (१ करिंथकर १:७), तरीही त्यांच्यातला हेवा आणि कलह पाहून पौल त्यांना ख्रिस्तातली बाळके म्हणतो (३:१-३). मी लावले, अपुल्लोसाने (त्याच्या सहकाऱ्याने) पाणी घातले, पण वाढ देवाने दिली, हे वाक्यही त्याने त्याच अध्यायात लिहावे, हे मोठे मार्मिक आहे. अर्थात दाने तुच्छ ठरत नाहीत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला, की ठिबकवाचून बाग तगवणे किती कठीण असते, हे खानदेशात कोणाला सांगायला नको.

आमच्या मंडळीत एका भावाच्या प्रार्थनेने आजारी माणसे उठून बसतात असे पाहून आम्ही त्याला मंडळीचा वडील (कारभार पाहणारा पुढारी) केले. कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी तो महिनोन्महिने थकवतो, ही चौकशी कोणी केलीच नव्हती. त्याचे दान खरेही असेल; आम्ही ते फळाच्या काट्यावर तोलले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात अध्यक्षाची (मंडळीवर देखरेख करणाऱ्याची) जी लक्षणे दिली आहेत, त्यांत शिकवण्याचे कौशल्य सोडले तर बहुतेक सारी स्वभावाची आणि घरच्या वागणुकीची आहेत. पुढच्या खेपेस वडील निवडताना आम्ही आधी त्या उमेदवाराच्या शेतातल्या बायांना विचारून आलो.