कोडची घडी आणि मोडचा हुक: इमॅक्समधली पार्श्वभूमी

9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी पडद्यावर बाजारहाटाची यादी मांडली, तिचे गट पाडले आणि मिटवून-उघडून दाखवले. कोडची घडी घालण्याच्या, म्हणजे त्याचे भाग तात्पुरते मिटवून ठेवण्याच्या, आजच्या सवयीचं मूळ मला तिथे दिसतं.

इमॅक्स हा मजकूर आणि कोड लिहिण्याचा एडिटर 1976 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात टेको या एडिटरवरच्या मॅक्रोंचा (साठवून ठेवलेल्या आज्ञांचा) संच म्हणून सुरू झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 मध्ये आणलेल्या ग्नू इमॅक्सचा गाभा सी या प्रोग्रामिंग भाषेत होता आणि वरचं बहुतेक काम लिस्प या भाषेत. इमॅक्समध्ये मोड म्हणजे एखाद्या प्रकारच्या कामासाठी एडिटरचं वागणं ठरवणारा संच. त्यात मजकूर हेडिंगखाली मिटवू देणारा आउटलाइन मोड लवकरच आला. त्याची युक्ती साधी आहे: ओळीच्या सुरुवातीला रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना सांगणारं सूत्र) जुळलं की ते हेडिंग, आणि जितकी अक्षरं जुळली तितकी त्याची पातळी. एक चांदणी म्हणजे प्रकरण, दोन म्हणजे उपप्रकरण. 2003 मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी याच चांदण्यांवर नोंदी आणि कामांच्या याद्यांसाठीचा ऑर्ग मोड उभारला.

पण कोडमध्ये चांदण्या कुठून येणार? म्हणून आउटलाइन मायनर मोड, जो भाषेच्या मुख्य मोडसोबत चालतो. इमॅक्स लिस्पच्या फाइलीत तीन अर्धविराम ही पहिली पातळी, चार ही दुसरी. कंसाने सुरू होणारी ओळही हेडिंगच, पण तिला पातळी दिली 1000, म्हणजे ती कायम सगळ्यांच्या तळाशी राहते. ही बारकाई मला फार आवडते.

हा मोड दर वेळी आपोआप सुरू व्हावा, तर हुकची गरज पडते. मोड सुरू होताना शेवटी स्वतःच्या नावाचा हुक, म्हणजे फंक्शन्सची यादी, चालवतो, त्यात आपली फंक्शन्स असतात. मोड लिहिणारा आपल्याला ओळखत नाही, तरी आपल्यासाठी जागा राखून जातो. माझ्या मते इमॅक्सचं खरं मोठेपण यात आहे. पूर्वी लोक हुकला सेटक्यू या लिस्पमधल्या आज्ञेने थेट मूल्य देत आणि आधीचं सगळं पुसलं जाई. ॲड-हुक ही आज्ञा मात्र यादीत भर घालते. 2012 च्या 24.1 आवृत्तीत प्रोग-मोड हा प्रोग्रामिंग भाषांच्या मोडांचा सामाईक पाया आल्यावर प्रत्येक भाषेसाठी वेगळी ओळ लिहिण्याचीही गरज उरली नाही. प्रोग-मोड-हुकमध्ये आउटलाइन मायनर मोड एकदा टाकायचा. वेगळी खूण हवी असेल तेवढ्याच भाषेच्या हुकमध्ये आउटलाइन-रेजएक्स्प, म्हणजे हेडिंग ओळखणारं सूत्र, बदलायचं.

2022 च्या 28.1 आवृत्तीपासून आउटलाइन-मायनर-मोड-सायकल हा पर्याय चालू ठेवला की हेडिंगवर टॅब दाबून घडी उघडते-मिटते, अगदी ऑर्गसारखी.