मज्जारज्जू म्हणजे नुसती तार नव्हे

कमरेखालचा भाग लुळा पडलेला माणूस कुबड्यांच्या आधाराने चालतो आहे, अशी चित्रफीत आणि तिच्याखाली ‘चिप बसवून तुटलेला मज्जारज्जू जोडला’ अशा अर्थाचा मथळा गेल्या काही वर्षांत अनेकांच्या मोबाइलवर येऊन गेला असेल. चित्रफीत बहुधा खरी असते, मथळा मात्र चुकीचा असतो. या प्रयोगांत काहीही जोडलेले नसते. जे घडते ते जोडणीपेक्षा अधिक विलक्षण आहे, आणि ते समजून घ्यायचे तर मेंदूपासून निघून पायांपर्यंत पोहोचणारी एक तार, हे मज्जारज्जूचे शाळेपासून मनात बसलेले चित्र आधी पुसावे लागते.

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटीमीटर लांब आणि साधारण करंगळीएवढा जाड असतो. कण्याच्या पोकळीतून उतरत तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि शेवटाकडे थोडा फुगीर होतो. त्या फुगीर भागात पायांचा कारभार चालतो. १९११ साली ग्रॅहम ब्राऊन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मांजराचा मज्जारज्जू छातीच्या पातळीवर छेदला, पायांकडून संवेदना आणणारी मुळेही कापली, आणि तरीही पायाचे स्नायू चालताना होतात तसे आळीपाळीने आकुंचन पावत असल्याचे त्याने नोंदवले. मेंदूचा हुकूम नाही, पायाकडून खबर नाही, तरी चालण्याचा ताल शिल्लक होता. त्याने सुचवलेले स्पष्टीकरण असे, की मज्जारज्जूत चेतापेशींचे दोन गट एकमेकांना दाबून धरतात: एक पाय वाकवणारा, दुसरा सरळ करणारा. जो सक्रिय आहे तो थोड्या वेळात थकतो, मग दुसरा वर येतो. आज चेतापेशींच्या या मंडलांची (सर्किटांची) रचना याहून बरीच गुंतागुंतीची असल्याचे ठाऊक आहे, पण गाभा तोच आहे.

अपघातात बहुतेक वेळा मज्जारज्जू सुरीने कापल्यासारखा दुभंगत नाही, तो चिरडला जातो. वरून येणारे बरेचसे तंतू तुटतात, कडेचे काही वाचतात. खालचे मंडल मात्र शाबूत राहते. तुटलेले तंतू पुन्हा का वाढत नाहीत, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यांच्या परिसरात आहे. १९८१ साली माँट्रिऑलमध्ये सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्टो अग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या नसेच्या तुकड्याचा पूल जोडला, तेव्हा त्या पुलातून तेच तंतू सुमारे ३ सेंटीमीटर वाढले. वाढण्याची क्षमता होती, भोवतालची ऊती त्यांना अडवत होती. झुरिचचे मार्टिन श्वाब यांनी पुढे तंतूंभोवतीच्या मायलिन आवरणातील रोधक प्रथिनांचा शोध लावला. त्या वाटेवरचे काम आजही चालू आहे. चित्रफितींतली माणसे मात्र वेगळ्याच वाटेने उभी राहिली आहेत.

कण्यात विजेचे सौम्य स्पंद देणारे उपकरण प्रथम १९६७ साली बसवले गेले, तेही वेदना कमी करण्यासाठी. बाळंतपणात ज्या जागी एपिड्यूरल भूल देतात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या त्याच जागेत इलेक्ट्रोडची पट्टी ठेवतात. १९९८ साली मिलान दिमित्रिविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की मज्जारज्जूची इजा पूर्ण ठरलेल्या, म्हणजे इजेखाली हालचाल वा संवेदना न उरलेल्या माणसांतही कमरेच्या भागाला असे स्पंद दिले, तर झोपलेल्या स्थितीत पाय पावले टाकल्यासारखे हलतात. २०११ साली अमेरिकेतील लुईव्हिल येथील सुझन हार्केमा यांच्या गटाने १६ इलेक्ट्रोडची, वेदनेसाठी बनवलेली पट्टी वापरली. मोटारीच्या धडकेने छातीखाली लुळा झालेला एक तरुण बेसबॉलपटू स्पंद चालू असताना स्वतःच्या पायांवर वजन पेलून उभा राहिला, आणि झोपलेला असताना ठरवून पायाची बोटे हलवू लागला.

वीज स्नायूंना थेट आकुंचित करते, असा समज इथे सहज होतो. तसे असते तर पाय नुसते आखडले असते. स्पंद प्रामुख्याने शिरतात ते मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने येणाऱ्या संवेदी मुळांत, आणि त्यातही स्नायू किती ताणला आहे याची खबर आणणाऱ्या जाड तंतूंत. हे तंतू खालच्या मंडलाला जागे ठेवतात, म्हणजे तेथील चेतापेशींना पेटण्याच्या उंबरठ्याजवळ आणून ठेवतात. मग इजेच्या कडेने वाचलेल्या मूठभर तंतूंतून आलेला मेंदूचा क्षीण इशाराही पुरेसा ठरतो.

यानंतरचे कोडे मला या विषयातले सर्वांत सुंदर वाटते. सतत स्पंद दिले की लुळे उंदीर लवकर चालू लागत, माणसांत मात्र परिणाम तोकडा पडे आणि महिनोन्महिने सराव लागे. वीज तीच, मंडलही साधारण तसेच, मग फरक कशाचा? २०१८ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ग्रेगुआर कुर्टीन यांच्या गटाने दाखवले, की फरक तंतूंच्या लांबीचा आहे. इलेक्ट्रोडपाशी तंतूत निर्माण झालेला आवेग दोन्ही दिशांना धावतो: एक वर मज्जारज्जूत, दुसरा उलटा पायाकडे. त्याच वेळी पायाकडून खरी खबर घेऊन दुसरा आवेग वर येत असतो. मार्ग एकच, आणि नुकताच पेटलेला तंतूचा भाग क्षणभर पुन्हा पेटू शकत नाही, म्हणून समोरासमोर आलेले दोन्ही आवेग तिथेच विझतात. उंदराच्या पायापासून मज्जारज्जूपर्यंत यायला आवेगाला सुमारे २ मिलिसेकंद लागतात, माणसात १० ते २०. सेकंदाला ४० स्पंद दिले तर दोन स्पंदांत २५ मिलिसेकंदांचे अंतर पडते. वर येणाऱ्या आवेगाची गाठ त्याच्या प्रवासादरम्यान सुटलेल्या स्पंदाशीच पडते असे नाही. तो निघण्यापूर्वी सुटून अजून वाटेत असलेल्या स्पंदाशीही पडते. म्हणून धोक्याचा काळ प्रवासकाळाच्या दुप्पट धरायला हवा. उंदरात तो २५ पैकी ४ मिलिसेकंद येतो, म्हणजे बहुतेक खबर सुखरूप पोहोचते. माणसात तो २० ते ४० येतो, म्हणजे खबर जवळपास पुसलीच जाते. चालण्यासाठी लागेल एवढे सततचे स्पंद चालू असताना कोणी गुडघा हलवला, तर तो कुठल्या दिशेला हलला हे रुग्णांना सांगता येत नव्हते. उपचारच त्यांची पायांची उरलीसुरली जाणीव हिरावत होता.

यावर उपाय निघाला तो पावलांच्या हिशोबाने. पाऊल उचलण्याच्या क्षणी फक्त मांडी वर घेणाऱ्या स्नायूंशी संबंधित मुळांना, रेटा देण्याच्या क्षणी फक्त पोटरीशी संबंधित मुळांना, असे योग्य जागी आणि योग्य वेळी थोडेच स्पंद द्यायचे. कुर्टीन आणि शल्यविशारद जोसलिन ब्लॉक यांनी ही पद्धत तीन रुग्णांवर वापरली. इजेला काही वर्षे उलटून गेली होती, तरी आठवडाभरात ते आधाराने चालण्याच्या हालचाली करू लागले, आणि काही महिन्यांच्या सरावानंतर स्पंद बंद असतानाही त्यांना काही लुळे स्नायू इच्छेने हलवता आले. २०२३ साली याच गटाने एका डच रुग्णाच्या मेंदूवरील संकेत टिपून ते संगणकामार्फत कण्यातील उपकरणाकडे पाठवले, तेव्हा पाऊल केव्हा उचलायचे हे त्याच्या मनानेच ठरवले. अर्थात हे सारे मोजक्या माणसांवरचे, कडक देखरेखीखालचे प्रयोग आहेत.

हे आवर्जून सांगतो, कारण हताश कुटुंबे अशा बातम्या वाचून मूलपेशींच्या (स्टेम सेल) उपचारांच्या जाहिरातींकडे वळतात. मान्यताप्राप्त रक्तविकारांसारखे मोजके अपवाद सोडले, तर मंजूर चाचणीबाहेर मूलपेशी हा उपचार म्हणून देण्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत परवानगी नाही. धोका केवळ पैशांचाही नाही. परदेशात जाऊन नाकाच्या अस्तराच्या पेशी मज्जारज्जूत बसवून घेतलेल्या एका तरुणीच्या कण्यात आठ वर्षांनी वेदनादायक गाठ आढळली, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. ती गाठ कर्करोगाची नव्हती, पण नाकातल्यासारखा चिकट स्राव तयार करत होती.

चालणे हेच सर्वांचे पहिले मागणे असते, असेही नाही. २००४ साली ६८१ रुग्णांना प्राधान्यक्रम विचारला गेला, तेव्हा हातपाय चारही लुळे असलेल्यांनी सर्वाधिक पसंती हात परत मिळण्याला दिली. पायच लुळे असलेल्यांनी लैंगिक क्षमतेला. लघवी-शौचावरचे नियंत्रण दोघांनाही फार महत्त्वाचे वाटले. संशोधन आता तिकडेही वळले आहे. छातीच्या खालच्या भागातील मज्जारज्जूला स्पंद देऊन, उठून बसताच कोसळणारा रक्तदाब सावरता येतो असे २०२१ साली दिसून आले. मानेच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून, शस्त्रक्रियेशिवाय स्पंद देणाऱ्या उपकरणाची चाचणी ६० जणांवर झाली. त्यांतील ७२ टक्के लोकांच्या हातांची ताकद आणि कामे करण्याची क्षमता, दोन्ही वाढल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या उपकरणाला परवानगी दिली.